घराण्यातला किडनीचा आजार माझ्यातही निघालाय, बहिणीला सांगू की नको?

साखळीकर:
नमस्कार. वय 36, गोव्यात साखळीजवळ राहतो, वेर्ण्याला एका कंपनीत शिफ्टला आहे. मे महिन्यात कंपनीच्या चेकअपमध्ये बीपी 160/100 निघालं, मग सोनोग्राफी केली तर दोन्ही किडन्यांत पाण्याच्या फोडांसारख्या गाठीच गाठी. डॉक्टरांनी एडीपीकेडी (किडनीत गाठी वाढत जाण्याचा आनुवंशिक आजार) लिहिलं आणि पहिलंच विचारलं, घरात कोणाला किडनीचं होतं का. होतं ना. बाबा 51 व्या वर्षी गेले, शेवटची तीन वर्षं डायलिसिसवर. आजोबा अंगाला सूज येऊन गेले, तेव्हा टेस्ट वगैरे कुठल्या, देवळात कौल लावला, गाऱ्हाणं घातलं, घराण्याला कसली तरी बाधा आहे असंच सगळे धरून चालले आणि मीही लहानपणापासून तेच ऐकत वाढलो. आता त्या बाधेचं नाव कागदावर आहे.

क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारी रक्ताची टेस्ट) 1.3 आहे, डॉक्टर म्हणतात गोळी चालू ठेव, मीठ कमी कर. पण रात्री झोप लागत नाही, कुशीवर हात ठेवून पडून राहतो, मुलगी पाच वर्षांची आहे तिच्याकडे बघवत नाही. आणि खरा प्रश्न बहिणीचा, ती 28 ची, तिच्यासाठी स्थळं बघतायत. आई म्हणते चवथीला (गणेश चतुर्थीला) सगळे जमतील तेव्हा तोंडातून शब्द काढू नको, तिलाही सांगू नको, स्थळं परत जातील. मी काय करू?

फोंड्याची ताई:
भावा, मला तोच आजार आहे, 29 व्या वर्षी कळलं, आज 47 आहे, डायलिसिस अजून नाही. बहिणीला सांग. माझ्या दादाला माझ्याआधी चार वर्षं माहीत होतं आणि मला त्रास नको म्हणून तो गप्प बसला. त्या चार वर्षांत मी पाठ दुखते म्हणून मेडिकलमधून पेनकिलर आणून खात होते, ज्या या आजारात किडनीला आणखी मारतात, आणि पहिल्या बाळंतपणात बीपी इतकं चढलं की बाळाला आठव्या महिन्यातच बाहेर काढावं लागलं. आधी माहीत असतं तर डॉक्टरांनी पहिल्या महिन्यापासून लक्ष ठेवलं असतं. दादावर माझा जीव आहे, पण ते गप्प बसणं मला अजून गिळता आलेलं नाही.

आणि मनात कसं बसतं विचारशील तर एकदम नाही बसत. मला पहिलं वर्षभर वाटायचं आपण बाबांचंच आयुष्य परत जगणार. पण माझ्या बाबांचं बीपी कोणी मोजलंच नव्हतं रे, ते डॉक्टरकडे गेले तेव्हा किडन्या संपलेल्या होत्या. तुझं 36 ला सापडलंय. साठीपर्यंत साधारण निम्म्या लोकांच्या किडन्या निकामी होतात, म्हणजे निम्म्यांच्या चालतात, मी या दुसऱ्या वाक्याला धरून राहते.

मांडवीकाठ:
ताईंशी सहमत, फक्त एक. सांगणं वेगळं आणि टेस्ट करायला लावणं वेगळं. आमच्यात धाकट्या भावाने सोनोग्राफीला साफ नाही म्हटलं, मी दोन वर्षं त्याच्या मागे लागलो, मग त्याने माझ्याशी बोलणं कमी केलं. आता तो फक्त वर्षातून दोनदा बीपी बघून घेतो आणि मी गप्प आहे. आईवडिलांपैकी एकाला असलं की प्रत्येक मुलाला 50 टक्के शक्यता, मुलगा असो वा मुलगी, म्हणजे बहिणीला नसूही शकतं. तिला हे सगळं नीट सांग, पुढचं तिच्यावर सोड. स्थळाला काय नि कधी सांगायचं हेही तीच ठरवेल, आई नाही नि तूही नाही. मुलीची जीन टेस्ट करायची घाई आत्ता करू नको, तिचं बीपी मात्र मोजत जा.

खाण्याचं म्हणशील तर आपल्याकडे मीठ लपलेलं असतं, पावसाळ्यात पेजेबरोबर खारे (खारवलेली सुकी मासळी), किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), मिठातली तोरं (कैऱ्या), लोणचं, पापड. मला सगळ्यात जड गेलं ते हे सोडणं, आईने वाढलेलं परत करताना डोळ्यात पाणी यायचं. ताजी मासळी कमी मिठात चालते. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) नेफ्रॉलॉजीत, म्हणजे किडनीच्या विभागात, एकदा दाखव, टॉल्वॅप्टन नावाची गोळी आहे, गाठी वाढायचा वेग कमी करते पण सगळ्यांना देत नाहीत, लिव्हरच्या टेस्ट सारख्या कराव्या लागतात आणि लघवी इतकी होते की शिफ्टवाल्याने आधी विचारून घ्यावं.

साखळीकर:
दोघांचेही आभार. काल रात्री बहिणीला अंगणात बसवून सांगितलं. ती रडली नाही, बराच वेळ गप्प होती, मग विचारलं, बाबांना ठाऊक होतं का हे आपल्यात येऊ शकतं म्हणून. मला उत्तर देता आलं नाही. मग म्हणाली, तुला मे महिन्यापासून माहीत आहे आणि तू एकटाच घेऊन बसलास? सोनोग्राफीचं अजून ठरलेलं नाही, सोमवारी फॅमिली डॉक्टरकडे बीपी बघायला येते म्हणालीय. आईला आम्ही दोघं मिळून सांगणार आहोत, चवथीच्या आधीच.