भरल्या घरातलं प्रेम

जुन्या एकत्र कुटुंबात नवराबायकोला एकांतच नव्हता, मग त्या काळी प्रेम कसलं, असं काहीजण विचारतात. मला वाटतं प्रेम होतं, फक्त ते लग्नानंतर सुरू व्हायचं आणि चोरून करावं लागायचं.

न्यायमूर्ती रानड्यांचं उदाहरण घ्या. 1873 मध्ये लग्न झालं तेव्हा ते 31 वर्षांचे, रमाबाई 11 वर्षांच्या. वयातलं हे अंतर आज मनाला टोचतंच. त्यांनी बायकोला लिहावाचायला शिकवलं. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते रुचत नव्हतं, त्यांची बोलणी रमाबाईंनी सोसली. पुढे त्यांनी आठवणी लिहिल्या, त्यातली माया खरी वाटते.

आमच्या आजीच्या सासरी वीसेक माणसं. दिवसा नवऱ्याशी बोलायची सोय नाही. नाव घ्यायचं नाही, बोलण्यात नुसतं ‘इकडून’, ‘इकडची स्वारी’. नाव उच्चारायची मुभा फक्त उखाण्यात, तेही सगळ्यांसमोर! म्हणून आजी उखाणे आठवडाभर मनात घोळवायची. आजोबा गजरे आणायचे ते घरातल्या सगळ्या बायकांना, मोजून. स्वतःच्या बायकोसाठी वेगळा आणणं म्हणजे निर्लज्जपणा. पण एक जास्तीचा गजरा त्यांच्या काळ्या टोपीखाली, खुंटीवर असायचा. टोपी झटकून ठेवायचं काम आजीकडे होतं.

हे तिने मला सांगितलं तेव्हा ती ऐंशीच्या पुढे होती, तरी पदराआड हसली.