पॅन्डेमिक ह्या बोर्ड गेममध्ये एकच माणूस सगळ्यांचे टर्न खेळतो, घरच्यांना खरंच एकत्र खेळता येईल असं काय आहे?

इंदिरानगरकर:
नमस्कार मंडळी. आमच्याकडे शनिवारी रात्री जेवणं आटोपली की हॉलमध्ये सतरंजी टाकून काहीतरी खेळायचं असं ठरलेलं आहे. सासरे, सासूबाई, आम्ही दोघं, धाकटे दीर, मुलगी आठवीत आणि मुलगा पहिलीत. आधी व्यापार खेळायचो, त्यात ज्याचं दिवाळं निघालं तो पुढचा तासभर नुसता बसून राहायचा आणि धाकट्याचं रडं ठरलेलं, म्हणून दीरांनी पॅन्डेमिक आणला. त्यात जगाच्या नकाशावर पसरणारे चार रोग, म्हणजे चार रंगांचे क्यूब, सगळ्यांनी मिळून आटोक्यात आणायचे, आणि प्रत्येकाला मेडिकसारखा एक रोल असतो. सगळे एका बाजूला, गेम दुसऱ्या बाजूला, जिंकलो तर सगळे आणि हरलो तरी सगळे, ही कल्पना मला इतकी आवडली की मीच सगळ्यांच्या मागे लागून त्यांना बसवलं. नकाशावर मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता दिसल्यावर सासरे पण चष्मा लावून पुढे सरकले.

पण होतंय असं की दीरांना गेम पूर्ण समजलाय आणि बाकीच्यांना निम्मा. त्यामुळे मुलीचा टर्न आला की "तू मेडिक आहेस ना, मग कैरोला जा, तिथले सगळे क्यूब उचल, आता परत इस्तंबूल", सासऱ्यांचा आला की तेच, ते फक्त प्यादं सरकवतात. दीर स्वभावाने फार चांगले आहेत, त्यांना जिंकायचंय ते सगळ्यांसाठीच, आणि सांगतात ते बहुतेक वेळा बरोबरच असतं, त्यामुळे गप्प बसा म्हणणं पण बरं वाटत नाही. पण मागच्या शनिवारी मुलगी म्हणाली, "काका, तुम्हीच खेळा, मी बघते," आणि मोबाईल घेऊन आत गेली. ते माझ्या मनाला लागलं. शिवाय गेम चौघांचाच असल्यामुळे जोड्या कराव्या लागतात, आणि सासूबाईंना इंग्रजी वाचता येत नाही म्हणून त्या चहा टाकायला उठतात त्या परत येतच नाहीत.

नियमात काही बदल करता येईल का, की दुसरा गेमच घ्यावा? सासूबाई आणि पहिलीतला मुलगा दोघांनाही खेळता येईल असं काही असेल तर आधी ते सांगा.

सातपूर_सेकंडशिफ्ट:
ताई, ह्यात दीरांच्या स्वभावाचा भाग कमी आणि गेमच्या रचनेचा जास्त आहे. को-ऑप (सगळे एकाच बाजूने खेळतात ते गेम) खेळणाऱ्यांमध्ये असं सगळ्यांचे टर्न ठरवणाऱ्याला अल्फा प्लेयर म्हणतात आणि पॅन्डेमिकबद्दल ही तक्रार जगभर ऐकू येते. मॅट लीकॉकचा हा गेम २००८ मध्ये आला, त्यात बोर्ड उघडा, रोल उघडे, आणि नवीन लोक पत्ते पण समोर मांडून खेळतात, म्हणजे ज्याला जास्त कळतं त्याला चौघांचेही टर्न मनातल्या मनात सोडवता येतात, आणि उत्तर डोक्यात तयार असलेला माणूस गप्प बसणं फार अवघड.

आम्ही कंपनीतली मित्रमंडळी सुट्टीला कोणाच्या तरी गच्चीवर जमतो, तिथे हाच त्रास होता. पहिला उपाय, पत्ते हातात धरा. काय आहे ते तोंडाने सांगायला हरकत नाही पण दाखवायचे नाहीत, मग दुसऱ्याला विचारावंच लागतं. दुसरा उपाय जास्त महत्त्वाचा, प्रत्येकाला असं एक काम द्या जे दुसरं कोणी करणार नाही. मुलीला इन्फेक्शनच्या (कोणत्या शहरात रोग पसरला ते दाखवणाऱ्या) टाकलेल्या पत्त्यांवर नजर ठेवायला सांगा. एपिडेमिकचा, म्हणजे साथ भडकवणारा, पत्ता आला की तो टाकलेला गठ्ठा पिसून परत वरच ठेवतात ना, म्हणजे जी शहरं एकदा निघालीत तीच पुन्हा निघणार, तेव्हा कुठे धोका आहे हे लक्षात ठेवणारा माणूस त्या क्षणी टेबलावरचा सगळ्यात महत्त्वाचा माणूस असतो. सासऱ्यांना रंग मोजायला द्या. एका रंगाची १२ शहरं, औषध शोधायला एकाच्या हातात त्या रंगाचे ५ पत्ते लागतात, सायंटिस्ट असेल तर ४, मग कोणत्या रंगाचे किती पत्ते खर्च झाले ह्याचा हिशोब ठेवणारा हवाच.

आणि मुलीला डिस्पॅचर द्या. डिस्पॅचर दुसऱ्यांची प्यादी हलवू शकतो, म्हणजे मला तिकडे ने असं काकांनाच तिला सांगावं लागेल. आमच्याकडे जो सगळ्यात कमी बोलायचा त्याला हा रोल दिला आणि तो आता पॅन्डेमिकशिवाय दुसरं काही काढूच देत नाही.

एपिडेमिकचे ६ पत्ते घालून खेळत असाल तर ४ वर या. अवघड पातळीवर एकाची चूक सगळ्यांना महागात पडते आणि मग सल्ले वाढतात.

पत्तेबाज_नाशिकरोड:
सूनबाई, वयाने मोठा आहे म्हणून असं म्हणतो, राग मानू नका. तुमच्या सासऱ्यांना मेंढीकोट येत असणार, त्या पिढीत ज्याला येत नाही असा माणूस विरळा. मी नोकरीसाठी बरीच वर्षं पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला अपडाऊन केलं आणि मांडीवर ब्रीफकेस ठेवून त्यावर मेंढीकोट खेळत कल्याण कधी यायचं ते कळायचं नाही. तर त्या माणसाला प्यादं सरकवायला लावू नका, त्याच्या हातात पत्ते द्या.

माझ्या भाच्याने मला द क्रू दाखवला. थॉमस सिंग नावाच्या माणसाचा, २०१९ चा गेम, २०२० मध्ये जर्मनीचं केनरश्पील नावाचं मोठं बक्षीस त्याला मिळालं. वर अंतराळाची गोष्ट लावलीय, पण आत आपला पत्त्यांचाच खेळ आहे, उतारी, हात, हुकूम सगळं तेच, फक्त सगळे एकमेकांचे भिडू. आणि मुख्य म्हणजे बोलायचं नाही. तुमच्या दीरांना खेळाच्या नियमानेच गप्प बसावं लागेल, कोणाला काही म्हणावं लागणार नाही.

विकत घ्यायच्या आधी साध्या पत्त्यांवर खेळून बघा. चारही रंगांचे एक्का ते नव्वी असे ३६ पत्ते घ्या, एक्का सगळ्यात लहान. चार राजे हे कायमचे हुकूम, आणि त्यांच्यातही क्रम ठरवून घ्या, आम्ही इस्पिक मोठा, मग बदाम, चौकट, किल्वर असा धरतो. झाले ४०. दश्श्या, गुलाम, राण्या बाजूला. सगळे पत्ते वाटायचे, चौघं असाल तर दहा दहा, पाच असाल तर आठ आठ. ज्याच्याकडे इस्पिकचा राजा तो कॅप्टन, त्याने तसं सांगायचं आणि पहिली उतारी त्याची. उतारीचा रंग असेल तर तोच टाकायचा, नसेल तर हुकूम मारा नाहीतर काहीही फेका.

आता ह्यातली गंमत. दुसऱ्या जोडातले एक्का ते नव्वीचे ३६ पत्ते पालथे ठेवा आणि त्यातला एक उघडा, समजा चौकटची सत्ती. कॅप्टन म्हणाला ही माझी, तर वाटलेल्या पत्त्यांतली चौकटची सत्ती ज्या हातात पडेल तो हात कॅप्टननेच केला पाहिजे. दुसऱ्या कोणी केला तर डाव तिथेच संपला, सगळे हरले. एका कामावर सुरुवात करा, जमलं की दोन, मग तीन, आणि कामं कॅप्टनपासून पाळीपाळीने एकेकाने उचलायची. प्रत्येकाला पूर्ण डावात एकदाच, हात सुरू व्हायच्या आधी, आपला एक पत्ता समोर उघडा मांडता येतो, आणि तोही त्या रंगातला तुमच्याकडचा सगळ्यात मोठा, सगळ्यात लहान किंवा एकुलता एक असेल तरच. कोणता आहे ते वर, खाली की मधे ठेवलेल्या टोकनने दाखवायचं, आम्ही शेंगदाणा ठेवतो. राजा मात्र असा दाखवता येत नाही.

एवढ्या एका पत्त्यावरून भिडूच्या मनातलं ओळखायचं. मेंढीकोट खेळलेल्या माणसाला हे जन्मजात येतं, अट्ठी का टाकली, पंजी का राखली हे त्याला बरोबर वाचता येतं. सासरे खेळायला लागले की तुमचे दीर त्यांना विचारायला येतील बघा. बोलणं तसंही बंद, म्हणून डाव संपल्यावर.

कॉलेजरोडची_आई:
पहिलीतल्यासाठी हूट आऊल हूट. वाचायचं काहीच नाही, फक्त रंग. रंगाचा पत्ता टाकला की घुबड त्या रंगाच्या पुढच्या घरावर जातं, वाटेत दुसरं घुबड त्या रंगावर बसलेलं असेल तर त्याच्या पुढच्या घरावर उडी मारता येते, आणि सूर्याचा पत्ता आला की सूर्य एक घर पुढे. उजाडायच्या आत सगळी घुबडं घरट्यात पोचवायची. माझा धाकटा चार वर्षांचा होता तेव्हापासून खेळतोय आणि हरला तरी रडत नाही, कारण हरवतो तो सूर्य, ताई नाही.

पण सासूबाईंसाठी मी जस्ट वन सांगेन, आणि तो विकत नाही घेतला तरी चालतो. २०१९ चा श्पील देस यारेस हा बोर्ड गेमचा जर्मन पुरस्कार मिळालेला गेम आहे, ३ ते ७ जणांचा, म्हणजे तुम्ही सातही जण एकत्र बसाल. एकाने ओळखायचं, बाकीच्यांना शब्द दिसतो, प्रत्येकाने गुपचूप एकच शब्द लिहून क्लू द्यायचा. मग ओळखणाऱ्याने डोळे मिटायचे आणि बाकीच्यांनी क्लू जुळवून बघायचे, दोघांचा सारखा आला तर दोन्ही बाद. उरलेले क्लू दाखवायचे. मूळ पत्ते इंग्रजीत आहेत, त्यापेक्षा तुम्ही मराठी चिठ्ठ्या करा. आम्ही रामकुंड, पैठणी, कैरी, रंगपंचमी, द्राक्ष, गणित, आत्या असे शब्द लिहून डब्यात टाकलेत. लिहायला मुलांच्या जुन्या पाट्या घेतो. तुमच्या पहिलीतल्याला आजीच्या मांडीवर बसवा, तो लिहील आणि आजी सुचवेल. ह्यात दीर कितीही हुशार असले तरी दुसऱ्याचा क्लू लिहू शकत नाहीत ना!

गोदाकाठ_७०:
मला थोडं वेगळं वाटतं. मुलांना समोरासमोर हरायची पण सवय हवी. सगळं मिळून जिंकायचं असं शिकवलं तर उद्या शाळेतल्या मॅचमध्ये हरल्यावर काय करतील? आमच्या वाड्यात सोंगट्या, पत्ते, कॅरम सगळं ईर्षेने खेळायचो आणि जेवायला पुन्हा एकत्र बसायचो. सहकारी खेळ वाईट म्हणत नाही, पण व्यापार रडण्यामुळे बंद केला हे मला पटलं नाही.

सातपूर_सेकंडशिफ्ट:
काका, को-ऑपमध्ये हरणं कमी नसतं हो. पॅन्डेमिकमध्ये चारही औषधं शोधणं ही जिंकायची एकच वाट, आणि हरायच्या तीन: आठवा आउटब्रेक (एका शहरातला रोग शेजारच्या शहरांत उसळणं), एखाद्या रंगाचे क्यूब संपणं, किंवा काढायला पत्तेच न उरणं. सगळ्यांनी मिळून हरल्यावर परत मांडू म्हणणारं पहिलं माणूस बहुतेक वेळा लहान मूलच असतं. मी दोन्ही प्रकार खेळतो आणि दोन्ही घरात असावेत ह्याच मताचा आहे. पण सहा वर्षांच्या मुलाला मोठ्यांबरोबर व्यापारात बसवणं मला बरोबर वाटत नाही, त्या वयाच्या मुलाचं मोठ्यांपुढे काहीच चालत नाही.

इंदिरानगरकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. ह्या शनिवारी दोन गोष्टी करून बघितल्या. आधी चिठ्ठ्यांचा खेळ. मुलीने डोळे मिटले, शब्द होता मिसळ. दीरांनी आणि ह्यांनी दोघांनी तर्री लिहिलं, बाद. मी आणि सासऱ्यांनी मटकी, तेही बाद. सासूबाईंच्या पाटीवर नातवाने लिहिलं होतं पापड. तेवढा एकच क्लू उरला आणि मुलीने क्षणात ओळखलं, कारण आपल्याकडे मिसळीबरोबर पापड असतोच! सासूबाईंनी चहाचं आधण बंद केलं आणि म्हणाल्या, "आता पुढची चिठ्ठी काढा." त्या रात्री उशिरापर्यंत त्या बसल्या होत्या.

मग काकांनी सांगितलेला पत्त्यांचा डाव, सासरे, दीर, मुलगी आणि मी. सासऱ्यांनी दुसऱ्याच हाताला बदामाची पंजी अशी टाकली की आम्हाला कळेना का, आणि शेवटी मुलीचं काम त्या पंजीमुळेच झालं. डाव संपल्यावर दीर त्यांच्याकडून ते समजून घेत होते. मुलगी दोन्ही खेळांना पूर्ण वेळ होती, ह्याचा मला सगळ्यात जास्त आनंद झाला.

एक शंका. मी किल्वरची नव्वी सगळ्यात मोठा म्हणून मांडली होती. ती समोर उघडी असताना खेळता येते का, की ती बाजूला गेली? आणि मी लहान म्हणून तिग्गी मांडली असती आणि नंतर माझे बाकीचे किल्वर संपले असते तर शेंगदाणा मधे सरकवायचा का?

पत्तेबाज_नाशिकरोड:
उघडा पत्ता तुमच्या हातातलाच धरायचा, केव्हाही खेळता येतो, आणि किल्वरची उतारी झाली व तुमच्याकडे तेवढाच किल्वर उरला असेल तर तोच टाकावा लागतो. शेंगदाणा हलवायचा नाही. मांडला तेव्हा जे खरं होतं ते तसंच राहतं, पुढे काय बदललं ते भिडूंनी पडलेले पत्ते बघून ओळखायचं. आणि पाचवा भिडू घ्यायचा असेल तर तुमच्या मिस्टरांना घ्या, पाच जणांत हातात आठच पत्ते असतात, डाव लवकर संपतो पण काम वाटताना जास्त विचार करावा लागतो. सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा, ती पंजी त्यांनी का टाकली ते मला पण जरूर कळवा.