पाषाण तलावावरचं हे बदक नेमकं कुठलं?

सकाळी पाषाणला हळदी-कुंकू बदकांच्या थव्यात एक वेगळंच दिसलं, अंग तसंच खवल्याखवल्यांचं पण डोकं गडद हिरवट, चोच पूर्ण पिवळसर आणि शेपटीची दोन पिसं वर वळलेली. मॅलार्ड, म्हणजे ते हिरव्या डोक्याच्या नराचं रानबदक, असेल का? फोटो लांबून काढलाय, धूसर आलाय.

– शेपटीचं वळलेलं पीस म्हणजे मॅलार्डचं रक्त, आपली बहुतेक पाळीव बदकं मूळची मॅलार्डच आहेत, कुणीतरी सोडलेल्या पाळीव नराचा हळदी-कुंकूशी संकर झाला असणार असं मला वाटतं. पंखावरचा चकाकता पट्टा बघितलात का? हळदी-कुंकूचा हिरवा, मॅलार्डचा निळा-जांभळा.

– पट्टा निळसर वाटला दादा, पण उन्हामुळे खात्री नाही.

– उन्हात तो रंग फसवतो. चोच नीट बघा, हळदी-कुंकूची काळी, टोक पिवळं, बुडाशी लाल ठिपके. पूर्ण पिवळी असेल तर शुद्ध नक्कीच नाही. आणि प्लीज पाळीव बदकं तलावात सोडू नका रे, आपल्या देशी बदकांची जात अशीच हळूहळू मिसळत जाते, फार वाईट वाटतं बघून.

– उद्या परत जातो, पंख पसरल्यावरचा फोटो टाकतो.