मदत हवी आहे: मोहोर लाखेला चिकटतेय

कृष्णाकाठ, सांगली
पाकिटं बंद करायला लाखेवर शिंपल्याचा ठसा उमटवतोय, पण मोहोर उचलताना निम्मी लाख तिच्याबरोबरच निघून येते, शिंपल्याच्या रेघा जातात. पाकिटं वाया चाललीत. शनिवारी टपालात टाकायचीत, लवकर सांगा.

सराफकट्टा
मोहोर कशाची? लाख कुठली? पहिल्याच पाकिटाला चिकटते की नंतर?

वाईकर
सरळ रबरी शिक्का करून घ्या. तासाभरात मिळतो.

कृष्णाकाठ
रबरी नको! दादा स्पेनमध्ये सांतियागो दे कोंपोस्तेलाची पायी यात्रा करून आलाय, सोबत चाललेल्यांना पत्रं पाठवायचीत. त्या वाटेची खूण शिंपला. मोहोर पितळी, लाख कांडीची. पहिली दोन पाकिटं छान झाली होती.

लोणंदकर
शिंपला कशाला? आपली पताका, तुळस काय कमी आहे? माउलींची पालखी नीरा ओलांडून आमच्या लोणंदला येते, पुढं चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण. एकदा येऊन बघा.

वाटसरू
लोणंदकर, ज्या वाटेनं चालला तिचीच खूण हवी. पूर्वी यात्रेकरू तिथल्या गालिसिया प्रांताच्या किनाऱ्यावरचा शिंपला घरी नेत. मी त्या वाटेवरच्या सारिया गावापासून चाललोय. प्रमाणपत्रासाठी पायी किमान १०० किमी लागतात, आणि वाटेत यात्रेकरूच्या वहीत जागोजागी शिक्के घ्यावे लागतात. ते बहुतेक शाईचेच असतात, तेव्हा वाईकरांचं अगदीच चूक नाही.

सराफकट्टा
विषयावर या. पहिली दोन नीट म्हणजे मोहोर तापतेय. दर ठशाआधी बर्फाच्या पिशवीवर टेकवा, कोरडी पुसा, तेलाचं बोट फिरवा. लाख ओतल्यावर जरा दम धरा, मग दाबा. गार होईपर्यंत उचलायची नाही. ओढायचीही नाही, आपणहून सुटते.

मिरजवाला
अक्षरं कोरणार असाल तर उलटी कोरून घ्या.

कृष्णाकाठ
अक्षरं नाहीतच. बर्फानं सुटली! रेघ न् रेघ उमटली. पण लाखेत काळे डाग दिसतायत.

सराफकट्टा
कांडी ज्योतीत धरताय, ती काजळी आहे. चमच्यात मंद आचेवर वितळवा. उकळू देऊ नका, बुडबुडे येतात.

वाटसरू
आणि पाकीट दुसऱ्या मोठ्या पाकिटात घाला. कांडीची लाख कडक असते, टपालाच्या यंत्रात तुकडे होतील.

लोणंदकर
दादांना म्हणावं, आता एकदा पंढरीची वारीही करा. लोणंदला मुक्कामाची सोय आमच्या घरी.