मदत हवी आहे: ख्रिस्ती धर्मातलं त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, तरी देव एकच) कसं समजून घ्यायचं?

नमस्कार मंडळी. मागच्या रविवारी कॅम्पातल्या एका चर्चमध्ये मैत्रिणीच्या नातवाच्या बाप्तिस्म्याला गेले होते. पाळकसाहेबांनी बाळाच्या टाळूवर तीनदा पाणी सोडलं आणि म्हणाले, "पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने." पहिल्या पाण्याला बाळ दचकलं, तिसऱ्याला मोठ्याने रडलं. माझ्या मनात मात्र तो शब्द अडकला. घेतली तीन नावं, मग 'नावांनी' का नाही?

बाहेर पडताना मैत्रिणीच्या यजमानांना म्हटलं, "भाऊजी, म्हणजे आमच्या दत्तासारखंच की! देव तीन, मूर्ती एक." बुधवार पेठेतल्या दत्तमंदिरात मी लहानपणापासून जाते, मला तेच आठवणार. ते म्हणाले, "जवळचं वाटतं वहिनी, पण तसं नाही." मग मी पाणी, बर्फ, वाफ असं सांगून पाहिलं. त्यालाही त्यांनी नकारार्थी मान हलवली. तेवढ्यात पाहुणे आले आणि बोलणं राहून गेलं.

ही दोन्ही उदाहरणं कुठे चुकतात? मला वाद घालायचा नाही. तीस वर्षांची मैत्री आहे, नाताळचा फराळ दरवर्षी घरी येतो, आणि ती कशावर विश्वास ठेवते हे मी कधी नीट विचारलंच नाही, याची आता फार रुखरुख वाटते.

प्रतिसाद:

ताई, 'नावाने' हे तुम्ही अगदी बरोबर पकडलंत. हे वचन मत्तय २८:१९ मधलं, आणि मूळ ग्रीकमध्येही तिथे एकवचनच आहे.

पाण्याचा बर्फ झाला की ते पाणी उरत नाही. पण येशूच्या बाप्तिस्म्याचा प्रसंग वाचा: यार्देन नदीत पुत्र आहे, आत्मा कबुतरासारखा उतरतोय आणि आकाशातून पित्याची वाणी होतेय. तिघंही एकाच वेळी. एकच देव आळीपाळीने तीन रूपं घेतो, हे मत तिसऱ्या शतकात सबेलियसच्या नावाने ओळखलं जाई. चर्चने ते नाकारलं.

दत्ताच्या कथेत तीन देवांचे अंश एकत्र येतात. इथे आधी वेगळे असलेले तिघं एकत्र आलेले नाहीत आणि अंशही कोणी नाही. पिता पूर्ण देव, पुत्र पूर्ण देव, आत्मा पूर्ण देव, तरी देव एकच. एक तृतीयांश देव कोणीच नाही.

उलट बाजूने एरियस नावाचा धर्मगुरू म्हणाला की पुत्र निर्माण केलेला आहे, तो नव्हता असाही काळ होता. त्यावर इ.स. ३२५ मध्ये निकियाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेने पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असं ठरवलं. ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला पवित्र आत्म्याबद्दलचा भाग मतांगिकारात, म्हणजे चर्चच्या श्रद्धेच्या अधिकृत कबुलीत, आला.

आपल्याला खरा घोळात घालतो तो 'व्यक्ती' हा शब्द. व्यक्ती म्हटलं की मतदारयादीतली तीन माणसं डोळ्यापुढे येतात. इथे वेगळेपण आहे ते नात्याचं: पुत्र आहे म्हणून पिता हा पिता आहे.

आणि लगेच पटलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज काढला, १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतरही त्रैक्यावरून तिथल्या सिस्टरबाईंशी पत्रांतून निकराने वाद घातला.

धागाकर्ती:

'एक तृतीयांश कोणीच नाही' हे वहीत लिहून ठेवलं. पण योहान १४:२८ मध्ये येशू म्हणतो, पिता माझ्याहून थोर आहे. मग?

प्रतिसाद:

एरियसच्या बाजूचे लोकही याच वचनावर बोट ठेवत. संत ऑगस्टिनचं उत्तर असं की इथे दासाचं रूप घेतलेला, माणूस झालेला पुत्र बोलतोय. हे 'दासाचं रूप' जिथे येतं तो बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय आधी वाचा आणि मग भाऊजींकडे चहाला जा.