शब्द हवाय: फ्यूजन म्हणजे संमीलन की संलयन? आणि घरगुती फ्यूजरला 'अणुभट्टी' म्हणायचं का?

नमस्कार मंडळी, भाचा इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्याला सध्या फ्यूजरचं वेड लागलंय आणि कॉलेजच्या वार्षिकांकासाठी त्यावर मराठीत लेख लिहायला घेतलाय. शुद्धलेखन तपास म्हणून मला पाठवला, मी पहिल्याच पानावर अडकले. एकाच परिच्छेदात फ्यूजनला (म्हणजे दोन अणूंची केंद्रकं एकमेकांत जुळणं) संलयन, संमीलन आणि एकत्रीकरण असे तीन शब्द, आणि वर मथळा 'घरच्या घरी अणुभट्टी'.

ज्यांना फ्यूजर माहीत नाही त्यांच्यासाठी, मला कळलं तेवढं सांगते. टीव्हीच्या शोधात ज्यांचं नाव घेतात ते अमेरिकेतले फायलो फार्न्सवर्थ, त्यांची ही कल्पना, १९६० च्या दशकात रॉबर्ट हर्श यांनी ती पुढे नेली. स्टीलचं बंद भांडं, पंप लावून आतली हवा जवळजवळ सगळी काढायची, मधोमध टंगस्टनच्या तारेची लिंबाएवढी गोल जाळी, तिच्यावर उणे २०-३० हजार व्होल्ट, आणि मग आत अगदी थोडा ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, सोडायचा. त्याचे आयन (विद्युतभारित अणू) चहूबाजूंनी जाळीकडे धावतात, आरपार जातात, पुन्हा मागे खेचले जातात, आणि त्या धावपळीत एखादी जोडी एकमेकांवर आपटून जुळते. काचेतून बघितलं तर जांभळट गोळा चमकताना दिसतो. तिकडे हौशी लोक गॅरेजमध्ये हे करतात, टेलर विल्सन नावाच्या मुलाने २००८ मध्ये १४ व्या वर्षी करून दाखवलं होतं, तेव्हापासून जगभरच्या पोरांना वाटतं आपणही करू. (भाच्याच्या आईला अजून व्होल्टचा आकडा सांगितलेला नाही, कृपया कोणी सांगू नका.)

तर यातला कुठला शब्द ठेवू?

प्रतिसाद

ताई, शब्दाच्या मुळाशी गेलात तर 'संमीलन' जरा गमतीचा निघतो. मील् धातूचा अर्थ डोळा मिटणे, त्यातूनच निमीलन आणि उन्मीलन. घरात पंचांग असेल तर खग्रास ग्रहणाच्या वेळा काढून बघा, स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन, मोक्ष अशा दिलेल्या असतात, तिथे संमीलन म्हणजे बिंब पूर्ण झाकलं जातं तो क्षण. भेटणे, एकत्र येणे यासाठी धातू मिल्, ऱ्हस्व, त्याचं मिलन, संमिलन, आणि आपलं शाळेचं स्नेहसंमेलनही त्याच घरातलं. म्हणजे काटेकोर बघितलं तर पुस्तकातल्या केंद्रकीय संमीलनात केंद्रकं डोळे मिटून बसलीयत :)

संलयन मात्र ली धातूवरून, लय, विलय, विलीन वगैरे. फ्यूजन शब्दाचं लॅटिन मूळ ओतणे, वितळवणे असं आहे, आणि तेच मूळ आपल्या मीटरच्या बोर्डातल्या फ्यूजचं, ज्याला शाळेत वितळतार म्हणायचो. तेव्हा माझं मत संलयनला.

प्रतिसाद

मी ३० वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलं, आता रिटायर आहे. वरच्या दादांची व्युत्पत्ती मान्य पण मत मान्य नाही. लॅटिनमध्ये काय वितळत होतं त्याच्याशी आपल्याला काय करायचंय, इथे तर काहीच वितळत नाही. दोन ड्युटेरियम केंद्रकं जुळतात आणि जुळली रे जुळली की लगेच फुटतात, साधारण निम्म्या वेळा हेलियम-३ आणि न्यूट्रॉन, उरलेल्या निम्म्या वेळा ट्रिटियम आणि प्रोटॉन. विलीन होऊन शांत बसलंय असं काही नसतं. मराठी मुलं शाळेपासून संमीलन शिकतात, तोच ठेवा. दीर्घ ऱ्हस्वाचं म्हणाल तर शब्दाचा अर्थ वापराने ठरतो, ग्रहणवाले त्यांच्या अर्थाने वापरतील, आपण आपल्या.

संलयन हिंदीतून येतो, येऊ दे, पण तो एकटा येत नाही, बरोबर परमाणु आणि नाभिक (आपलं केंद्रक) घेऊन येतो आणि मग घोळ होतो. आपल्याकडे अणू म्हणजे हिंदीतला परमाणु, आणि हिंदीतला अणु म्हणजे आपला रेणू! भाच्याच्या लेखात एका ओळीत परमाणु आणि पुढच्या ओळीत अणू असेल तर वाचणाऱ्याला वाटणार या दोन वेगळ्या वस्तू आहेत. केंद्रकीय संमीलन लिहा, कारण जुळतात ती केंद्रकं, इलेक्ट्रॉन आधीच सुटलेले असतात.

पण खरं सांगू का, माझं भांडण या दोन शब्दांशी नाहीच, मथळ्यातल्या 'भट्टी'शी आहे. भट्टी म्हटलं की डोळ्यासमोर वीटभट्टी येते, चुन्याची भट्टी येते, म्हणजे आपण जळण घालतो आणि त्याच्या बदल्यात भरपूर आच मिळते. फ्यूजरचा हिशोब करा. ३० हजार व्होल्ट आणि १० मिलिअँपिअर म्हणजे ३०० वॅट तुम्ही आत घालताय. चांगला चालला आणि सेकंदाला १० लाख न्यूट्रॉन आले (हौशी माणसाला हा आकडा भारीच), तरी संमीलनातून मिळालेली शक्ती होते जेमतेम १ मायक्रोवॅट. म्हणजे घातलेल्याच्या तीस कोटीव्या हिश्शाएवढी. जाळी लालबुंद होते खरी, पण ती तुमच्या महावितरणच्या विजेने, संमीलनाने नाही. बहुतेक आयन एकतर जाळीवरच आदळतात नाहीतर उरलेल्या वायूला धडकून वेग घालवून बसतात, आणि जे दोन समोरासमोर येतात तेही बहुतेक वेळा जुळत नाहीत, एकमेकांना ढकलून बाजूला जातात. जाळी बारीक केली, दोन जाळ्या लावल्या, व्होल्ट वाढवले असे उपाय पोरं सुचवत असतात, कल्पना वाईट नसतात, पण ढकलाढकलीचा हा प्रश्न त्याने सुटत नाही.

मूळ धागालेखिका

सर, तीस कोटी हा आकडा मी त्याला पाठवला, तो म्हणतो मग आयटरला (फ्रान्समध्ये बांधतायत तो मोठा फ्यूजन प्रकल्प) पण भट्टी म्हणू नका, तिथेही वीज बनणार नाहीये. आणि त्याने लिहिलंय की त्याच्या जाळीत ३५ कोटी डिग्री तापमान असेल, सूर्याच्या गाभ्यात दीड कोटीच आहे, ते बरोबर का?

प्रतिसाद

पोरगा हुशार आहे. आयटरमध्ये टर्बाइन नाही हे खरंच, पण तिथे ५० मेगावॅट तापवायला घालून ५०० मेगावॅट संमीलनातून काढायचं उद्दिष्ट आहे, म्हणजे आच तरी मिळणार, भट्टी शब्द शोभतो. (त्याचा क्रायोस्टॅट, ते भलंमोठं भांडं, आपल्या शेजारी गुजरातेत हजिऱ्याला एल अँड टीने बनवलं हे लेखात घाला.) अमेरिकेत ५ डिसेंबर २०२२ ला लेसरवाल्यांनी इंधनाच्या बारीक गोळीवर २.०५ मेगाज्यूल टाकून ३.१५ मिळवले तेव्हा इथल्या बातम्यांत 'प्रज्वलन' आलं, मला तो शब्द आवडला, पण तेवढ्यासाठी लेसरने लाइनमधून ३०० मेगाज्यूलच्या आसपास वीज ओढली होती. गोळीच्या हिशोबाने नफा, बिलाच्या हिशोबाने तोटा. काडी पेटली म्हणा, चूल पेटली म्हणू नका.

३५ कोटीचं म्हणाल तर ३० हजार व्होल्टने पळवलेल्या आयनाच्या ऊर्जेचं डिग्रीत रूपांतर केलं की तो आकडा येतो, गणित चूक नाही, शब्द चूक आहे. तापमान हे गर्दीचं असतं, सगळे सगळ्यांना धक्के देऊन वेग वाटून घेतात तेव्हा. इथे आयन ठरलेल्या दिशेने पळतायत. 'एवढ्या तापमानाला साजेशी ऊर्जा' असं लिहायला सांगा, लांबलचक आहे पण खोटं नाही.

प्रतिसाद

मध्येच घुसतो. प्लाझ्माला, म्हणजे आयन आणि सुटे इलेक्ट्रॉन यांच्या वायूला, मराठी विश्वकोशात 'आयनद्रायु' आहे, द्रव आणि वायू मिळून द्रायू, कसला झकास शब्द आहे, पण वापरतं कोण. आणि प्लाझ्मा धरून ठेवण्याला मी सरळ 'कोंडणं' म्हणतो, चुंबकाने कोंडणं, विजेने कोंडणं. टोकामॅक म्हणजे चुंबकाचा कोंडवाडा, मोकाट गुरांसारखाच प्लाझ्मापण सापडेल त्या फटीतून निसटतो.

एक शंका, लेखात जड पाणी (साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेलं) आलंय का? आमच्या गावात जड पाणी म्हणजे बोअरचं, डाळ न शिजणारं. अलिबागजवळ थळला जड पाण्याचा कारखाना आहे हे ऐकून आमची आजी म्हणाली होती, त्याला कारखाना कशाला, आमच्या बोअरला पंप लावा.

मूळ धागालेखिका

आजींना नमस्कार :) जड पाणी आलंय, ड्युटेरियम त्यातूनच काढायचा म्हणतोय, त्याला खुलासा टाकायला सांगते. बाकी संमीलन ठेवलं, परमाणु सगळीकडून उडवला, कोंडणं घेतलं. आयनद्रायू एकदा देऊन पुढे प्लाझ्माच.

मथळ्यावर मात्र अजून वाद चालू आहे. 'घरच्या घरी फ्यूजर' म्हटलं तर कोणी वाचणार नाही असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं 'हौशी फ्यूजर' कर, तर हौशी म्हणजे कच्चा वाटतं म्हणे, हौशी नाटकवाल्यांसारखं. हौशीला दुसरा शब्द आहे का कोणाकडे? आणि सर, काचेतून क्ष-किरण बाहेर येतात का हेही सांगा, त्याच्या आराखड्यात समोर साधी काच आहे.

प्रतिसाद

येतात. २० हजार व्होल्टच्या पुढे चांगलेच येतात. काचेला डोळा लावून बघायचं नाही, कॅमेरा ठेवायचा आणि आपण शिशाच्या आडोशाला. हे मथळ्याच्या आधी लिहायला सांगा. आणि आता त्याच्या आईला व्होल्टचा आकडा सांगून टाका.