डायगॉन अ‍ॅली की गॅलेक्सीज एज: दुसऱ्या जगात शिरल्यासारखं खरंच कुठे वाटतं?

उंबरा

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाद घालायला सोपं जाईल. थीम पार्कमध्ये एखाद्या कथेतलं जग प्रत्यक्ष उभं करायचं आणि माणसाला त्यात शिरवायचं, या कामात युनिव्हर्सलने डिस्नेला मागे टाकलं आहे. डिस्नेने पैसा कमी ओतला नाही, कारागिरीतही कसर ठेवली नाही. पण आत आलेल्या माणसाने तिथे करायचं काय, याचा विचार युनिव्हर्सलने जास्त केला.

१८ जून २०१० रोजी फ्लोरिडातल्या ऑरलँडोत युनिव्हर्सलच्या 'आयलंड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचर'मध्ये हॅरी पॉटरच्या कथेतलं जादूगारांचं गाव, हॉग्समीड उघडलं. तोवर बहुतेक पार्कांमध्ये विभाग म्हणजे एका सूत्राभोवती जमवलेल्या राईड्स आणि शेजारी एक दुकान, त्यातही इतरत्र मिळतो तोच माल. हॉग्समीडमध्ये दुकान हाच कथेचा भाग होता. लोक राईड सोडून दुकानात शिरायला रांगा लावू लागले. ८ जुलै २०१४ला शेजारच्या पार्कात त्याच कथेतली जादूगारांची बाजारपेठ, डायगॉन अ‍ॅली आली आणि ती तर त्याहून धीट निघाली. बाहेरून फक्त लंडनच्या इमारतींचे दर्शनी भाग दिसतात. आत काय आहे हे सांगणारी मोठी पाटी नाही. विटांच्या भिंतीतल्या फटीतून वळून आत गेलात की पार्कातलं दुसरं काहीच नजरेला पडत नाही. बँकेच्या छपरावरचा ड्रॅगन अधूनमधून आग ओकतो, आडवाटेला अंधारी नॉकटर्न अ‍ॅली आहे, आणि हातात जादूची कांडी असेल तर जमिनीत बसवलेल्या खुणा पाहून ती फिरवायची की खिडकीतल्या वस्तू हलतात.

आता डिस्नेचा स्टार वॉर्सवरचा विभाग, गॅलेक्सीज एज घ्या. २०१९मध्ये आधी कॅलिफोर्नियात, मग फ्लोरिडात उघडलं. सुमारे १४ एकर. खडकांचे सुळके इतके सुंदर की मान वर करून बघत राहावं. पण ग्रह कोणता? बाटू. स्टार वॉर्सच्या एकाही चित्रपटात न दिसलेला. काळ असा ठरवून बांधलेला की त्यात गाजलेला खलनायक डार्थ व्हेडरला जागा नव्हती, आणि रस्त्यावर चित्रपटांतलं ते ओळखीचं संगीतही नव्हतं. वर्षानुवर्षं मनात जपलेली जागा सोडून मला एका अनोळखी गावात उतरवलंय. मी तिथे पाहुणाच राहतो.

सांजवारा

कारागिरीवर सहमत, निष्कर्षावर अजिबात नाही.

ओळखीची जागा असल्याशिवाय माणूस रमत नाही, असं तुम्ही म्हणताय. मग पँडोराचं काय करायचं? 'अवतार' चित्रपटातला तो विभाग डिस्नेने २७ मे २०१७ला अ‍ॅनिमल किंगडममध्ये उघडला, तेव्हा "त्या चित्रपटातलं एक तरी पात्र कुणाला आठवतं का" असं म्हणून लोक नाकं मुरडत होते. मला स्वतःला त्या कथेत फारसा रस नव्हता आणि आजही नाही. तरी पुलावरून आत शिरलं आणि समोर ते अधांतरी डोंगर दिसले की चित्रपट आठवायची गरजच उरत नाही. डोंगरांना पेलणारं पोलाद वेली आणि मुळांच्या आत दडवलंय. खाली खऱ्या झाडांच्या मध्ये कल्पनेतल्या वनस्पती अशा मिसळल्या आहेत की कुठली कोणती हे पाहायला वाकावं लागतं. अंधार पडला की झाडंच नव्हे, पायाखालची वाटसुद्धा उजळते.

हा विभाग रचणाऱ्या जो रोड यांच्या चमूने आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली. चित्रपटातला संघर्ष संपून एक पिढी लोटल्यावरचा काळ निवडला. आता माणसं तिथे निसर्ग बघायला येतात. म्हणजे मी खऱ्या आयुष्यात जे करतेय, म्हणजे पर्यटन, तेच कथेतही करतेय. मला जादूगार असल्याचं सोंग आणावं लागत नाही.

तेव्हा बाटू फिकं पडलं असेल तर ते अनोळखी असल्यामुळे नव्हे.

लोखंडी_वळण

दोघंही रस्त्यांबद्दल बोलताय. राईडबद्दल कुणीतरी बोला!

बाटूवरच्या 'राईज ऑफ द रेझिस्टन्स' राईडमध्ये बसलेल्या माणसाने डिस्ने मागे पडलं असं म्हणावं याचं मला मनापासून आश्चर्य वाटतं. तुम्ही एका यानात चढता, ते पकडलं जातं, आणि दार उघडतं तेव्हा समोर भलंमोठं हँगर आणि ५० स्टॉर्मट्रूपर, म्हणजे शत्रूचे सैनिक, ओळीने उभे. रांग कुठे संपली आणि राईड कुठे सुरू झाली तेच कळत नाही. पुढे रुळांशिवाय चालणारी वाहनं, पूर्ण आकाराचे चालते रणगाडे, शेवटी खाली कोसळणं. याच्यापुढे युनिव्हर्सलची जादूगारांच्या बँकेतली राईड, ग्रिंगॉट्स ठेवून बघा. बँकेचा दिवाणखाना आणि ते गॉब्लिन कारकून अप्रतिम आहेत, त्यात वाद नाही. पण गाडी सुटली की एका पडद्यासमोरून दुसऱ्या पडद्यासमोर नेऊन थांबवतात. रांग राईडपेक्षा सरस.

उंबरा

@लोखंडी_वळण, 'राईज' ही ऑरलँडोतली सर्वोत्तम राईड आहे असं तुम्ही म्हणालात तर मी भांडणार नाही. पण ती बंद दारांच्या आतली काही मिनिटं आहेत. मी बोलतोय ते त्या आधीच्या आणि नंतरच्या तासांबद्दल. शिवाय हॉग्समीडमधली हॅग्रिडच्या मोटरसायकलची राईड (२०१९) विसरू नका. खरं लोखंड, खरी झाडी, पडदा नावालाच.

@सांजवारा, पँडोराला मी नावं ठेवणार नाही. पण तिथे मी फक्त बघतो. डोंगर बघतो, झाडं बघतो, दोन राईड्स घेतो, आणि मग? डायगॉन अ‍ॅलीत मुलं कांडी घेऊन एका खिडकीपासून दुसऱ्या खिडकीकडे पळत असतात, मनगट वळवत असतात, जमलं नाही तर झगा घातलेला कर्मचारी येऊन शिकवतो. ऑलिव्हँडरच्या दुकानात जमलेल्यांतून एकाला निवडून कांडीच त्याला शोधते, असा छोटासा खेळ चालतो. तो पाहायला वेगळं तिकीट नाही. बाटूवर याच्या तोडीचं काय, तर सावीच्या कार्यशाळेत लेझर तलवार जुळवणं. सुरुवातीलाच त्याचा दर १९९.९९ डॉलर होता. ज्याच्याकडे तेवढे नाहीत त्याने काय करायचं?

टाचण

ऑलिव्हँडरचा खेळ संपतो तो कांड्यांच्या दुकानातच. निवडलेल्या पोराच्या हातातून ती कांडी परत घेऊन दाखवा बरं. सावीकडे निदान किती पैसे लागणार हे आधी माहीत असतं, आणि तलवार पहिल्यांदा उजळते तेव्हा स्टार वॉर्समधल्या गुरू योडाचा आवाज येतो, त्या क्षणी मोठी माणसं डोळे पुसताना दिसतात. रंगभूमी म्हणून तो प्रयोग जास्त पूर्ण आहे.

पैशाचाच मुद्दा असेल तर मारिओ या व्हिडिओ गेमवरचं युनिव्हर्सलचं सुपर निन्टेंडो वर्ल्ड घ्या. ओसाकाला मार्च २०२१मध्ये, हॉलिवूडला फेब्रुवारी २०२३मध्ये आणि ऑरलँडोला मे २०२५मध्ये आलं. हिरव्या नळातून आत शिरता तो क्षण जबरदस्त, एकदम खेळाच्या आतच. पण मनगटावरचा पॉवर-अप बँड वेगळा विकत घ्यावा लागतो. तो नसेल तर नाणी जमत नाहीत, किल्ल्या मिळत नाहीत, आणि तीन किल्ल्यांशिवाय खेळातला खलनायक बाउझर ज्युनिअरशी गाठ नाही. म्हणजे खेळाच्या जगात येऊनही खेळता येत नाही. हॉगवर्ट्स एक्सप्रेसचंही तेच. दोन पार्क जोडणारी ती गाडी ही युनिव्हर्सलची सर्वांत गोड कल्पना, जाताना एक कथा, येताना दुसरी. पण दोन्ही पार्कांत जायचं तिकीट असेल तरच चढता येतं.

लोखंडी_वळण

+१. बाटूवर फोनमधलं अ‍ॅप फुकट होतं, हेही लिहा.

सांजवारा

फुकट होतं, पण डोळे फोनमध्ये घालायला लावणारं. समोर चित्रपटातलं प्रसिद्ध यान मिलेनियम फाल्कन पूर्ण आकारात उभं आणि मी काचेवर बोटं फिरवतेय. त्यापेक्षा कांडी शंभर पटीने बरी. इथे उंबरा यांच्याशी सहमत.

नभांगण

हा सगळा वाद मला थोडा अपुरा वाटतो, कारण बाटूचं अपयश तुम्ही जागेत आणि संगीतात शोधताय. उघडण्याआधी डिस्नेने काय सांगितलं होतं ते आठवा. तुम्ही कसे वागलात ते त्या गावाला लक्षात राहील, फाल्कन आपटून आणलंत तर त्याचा बोभाटा तुमच्या आधी गावातल्या कँटीनापर्यंत, म्हणजे दारूच्या गुत्त्यापर्यंत पोहोचेल, अशी ती कल्पना होती. म्हणजे गाव जिवंत असणार होतं. प्रत्यक्षात उघडलं ते गावाचं नेपथ्य. सुंदर, पण बाजारात परग्रहवासी जवळजवळ नाहीतच. अशी माणसं पेरायला रोजचा पगार लागतो. खडक एकदा बांधला की उभा राहतो, नटाला दररोज उभं करावं लागतं. खर्चाला कात्री लागते ती नेहमी दुसऱ्या गोष्टीवर.

आणि हे होऊ शकतं, याचा पुरावाही डिस्नेनेच दिला: गॅलॅक्टिक स्टारक्रूझर, अवकाशयानासारखं स्टार वॉर्सचं हॉटेल. १ मार्च २०२२ला सुरू झालं. दोन रात्रींचा मुक्काम, खिडकीबाहेर अवकाश, आणि चोवीस तास पात्रं तुमच्या अवतीभवती. तुम्ही कुणाशी बोलता, कुणाचं गुपित ठेवता त्यावर तुमची कथा वळत जायची. दोन माणसांना सुमारे ४,८०० डॉलर! सप्टेंबर २०२३मध्ये ते बंद पडलं. जाऊन आलेल्यांपैकी अनेकजण आजही त्याबद्दल गहिवरून बोलतात. बाटूचं वचन तिथे पाळलं गेलं, पण मूठभर लोकांसाठी आणि त्या भावात.

माझ्या मते खरी अडचण आकड्यांची आहे. मोजक्या माणसांना नट नावाने हाक मारू शकतो. दिवसाला हजारोंच्या संख्येने येणाऱ्या गर्दीला नाही. युनिव्हर्सलने हे ओळखलं आणि माणसाचं काम खिडकीतल्या यंत्राला दिलं. यंत्र दमत नाही, रजा घेत नाही. ती हुशारी आहे हे मान्य. पण ते जग तुम्हाला ओळखतं असं नाही. हजारव्या मुलालाही ती खिडकी तेच उत्तर देते.

उंबरा

@नभांगण, मुद्दा पटण्यासारखा आहे, पण शेवट उलटा लागतो. खिडकी प्रत्येकाला तेच उत्तर देते, पण देते तरी! मनगट कसं वळवायचं हे शिकून ते जमवलं ते त्या मुलाने. त्याच्यासाठी ती जादू त्याची आहे. स्टारक्रूझरचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. डिस्नेला जमलं तेव्हा ते भिंतीआड, ४,८०० डॉलरच्या दारामागे जमलं. रस्त्यावर, साध्या तिकिटावर आलेल्यासाठी ते उतरलं नाही. मी तुलना करतोय ती रस्त्याची.

आणि संगीत-पात्रांचा मुद्दा गौण असता तर डिस्नेने स्वतःच माघार कशाला घेतली असती? कॅलिफोर्नियातल्या बाटूवरची काळाची अट २०२६मध्ये सैल करून जुन्या चित्रपटांतल्या ल्यूक, लेया, हान आणि व्हेडरला आणायचं, जॉन विल्यम्स यांचं चित्रपटांतलं संगीत वाजवायचं, असं त्यांनी जाहीर केलं.

नभांगण

त्याला मी माघार म्हणणार नाही, हार म्हणेन, आणि त्याचं मला वाईट वाटतं. 'प्रत्येकजण इथे नवखा, म्हणून प्रत्येकाची कथा स्वतःची' ही कल्पना त्यांनी अर्धवट राबवली आणि मग कल्पनाच चुकीची होती असं ठरवून टाकलं.

कोरीव

उशिरा लिहितोय. सगळं २०१०पासून सुरू झालं असं गृहीत धरून चर्चा चाललीय, ते खटकलं. टोकियो डिस्नेसी ४ सप्टेंबर २००१ला उघडलं. त्यातलं 'मिस्टिरियस आयलंड' ज्वालामुखीच्या विवरात वसवलंय, चहूबाजूंनी खडक, मध्ये पाणी, वर प्रोमेथियस पर्वत धुमसतोय. आत उभं राहिलं की बाहेरचं काही दिसत नाही. डायगॉन अ‍ॅलीच्या तेरा वर्षं आधी. त्यासाठी कुठल्याही ताज्या गाजलेल्या चित्रपटाची गरज पडली नव्हती. ते पार्क चालवते ओरिएंटल लँड ही जपानी कंपनी, डिस्नेकडून परवाना घेऊन. कदाचित म्हणूनच हात आखडता घेतला गेला नाही.

आणि दोन बड्या कंपन्यांच्या बाहेरही बघा. जर्मनीतल्या फँटासियालँडचं रुकबर्ग २०२०मध्ये उघडलं. काल्पनिक औद्योगिक शहर, विटा, गंजलेलं पोलाद, धूर. तिथला रोलरकोस्टर त्या शहराच्या गल्ल्यांतून आणि हॉटेलच्या भिंतींना जवळजवळ चाटून जातो. चित्रपट नाही, पात्र नाही, कांडी नाही. तरी तिथे पाऊल टाकताच मी दुसरीकडे असतो. तुम्ही दोन्ही पक्ष 'काय करायला मिळतं' यात अडकलात. मला विचाराल तर जागा पुरेशी ठाम असेल तर नुसतं उभं राहणंही पुरतं.

सांजवारा

कोरीव, हेच मला पँडोराबद्दल म्हणायचं होतं आणि तुम्ही नेमकं मांडलंत.

टाचण

रुकबर्गबद्दल पूर्ण सहमत. पण ऑरलँडोत आता याच्या उलट वारं आहे. २२ मे २०२५ला उघडलेल्या एपिक युनिव्हर्समध्ये प्रत्येक जगाला स्वतःची कमान, आत शिरलात की बाकीची जगं नाहीशी. जुन्या राक्षसपटांवरच्या डार्क युनिव्हर्समधलं डार्कमूर गाव, तिथली पेटती पवनचक्की, 'हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन'मधल्या बर्क बेटावरचे ड्रॅगन. डायगॉन अ‍ॅलीची युक्ती त्यांनी अख्ख्या पार्कात वापरली. तक्रार एकच, सावली कमी. फ्लोरिडाच्या उन्हात माणूस दुसऱ्या जगात किती वेळ राहील?

उंबरा

सावलीची तक्रार रास्त आहे आणि ती युनिव्हर्सलने लवकर दूर करावी. पण डार्कमूर हे @कोरीव यांच्या मुद्द्याला उत्तरही आहे. तिथे बहुतेक तरुणांनी न पाहिलेले जुने राक्षस आहेत, म्हणजे ओळख जवळजवळ नाही, तरी गाव पकडून ठेवतं, कारण रस्त्यावर पात्रं फिरतात आणि थांबून बोलतात. पाहुण्याला उत्तर मिळतं. ओळखीचा आग्रह मी बाटूपुरता धरला, कारण बाटूवर ओळखही नाही आणि उत्तरही नाही.

डिस्नेने ऑरलँडोतल्या आपल्या मॅजिक किंगडम पार्कमध्ये डिस्नेच्या खलनायकांचा विभाग जाहीर केलाय. तिथे ओळख तर आयतीच मिळणार.

नभांगण

ओळख मिळेलच. त्या विभागात रोज किती नट रस्त्यावर उभे करणार, हा आकडा डिस्नेने सांगितला तर मी आजच बाजू निवडतो. बांधकामाची चित्रं कितीही सुंदर आली तरी मला तेवढंच विचारायचंय.